शिनवारचं नवं

"मास्तर, हे अक्षर तुमचंच ना?"

फादर आन्सेल्मनी बोर्डिंगचं जुनं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सन १९६७. शिनवार गंग्या तुंबडा, वय अंदाजे दहा, इयत्ता दुसरी. शेरा: पळाला.

"माझंच," मी म्हटलं. "तेव्हा मी बोर्डिंगचा रेक्टर होतो. अक्षर बरं होतं माझं त्या वेळी."

"पळाला म्हणजे कुठं पळाला?"

"पळणारी पोरं पत्ता ठेवून जातात का, फादर?"

ते हसले नाहीत. मोहडोंगरीच्या संत इजिदोर शाळेत मी चौतीस वर्षं काढली होती, सहा संचालक पाहिले होते. ओरडणारे पाहिले, झोपणारे पाहिले, इमारती बांधणारे तर फार पाहिले. हा पस्तिशीचा माणूस निराळा होता. ह्याला रजिस्टरं वाचायची सवय होती. आम्ही वसईची माणसं. पाद्र्याला उलट बोलायचं नाही हे आईच्या दुधाबरोबर प्यालेलो. पण त्या दिवशी मला त्यांचा राग आला, खरं सांगतो.

ते सन दोन हजार, ख्रिस्तजन्माचं जयंती वर्ष. ठिकठिकाणी चर्चमध्ये जुन्या चुकांची माफी मागायची टूम निघाली होती. टूम हा माझा शब्द, फादरांचा नाही. ते म्हणत, "समेट". डहाणूपासून आत, गुजरातच्या सरहद्दीला चिकटलेलं आमचं मिशन, भोवती सगळे वारल्यांचे पाडे, आणि आम्ही चाळीस वर्षं त्यांच्या पोरांना शिकवत आलो ते कसं, तर पोर आलं की पहिल्या दिवशी डोकं भादरायचं, गळ्यातले गंडेदोरे कापून चुलीत टाकायचे, वारलीत बोललं की छडी. फादरांनी शिक्षकांच्या सभेत ही यादी वाचली तेव्हा तरुण शिक्षक एकमेकांकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघत होतो. यादीतलं बहुतेक सगळं माझ्याच हातचं होतं.

"आपण त्यांच्या म्हाताऱ्या माणसांना बोलावू," फादर म्हणाले. "त्यांच्यापुढे गुडघे टेकू. आणि त्यांना काय हवं ते आधी त्यांच्याच तोंडून ऐकू. मास्तर, तुम्हाला पाडे ठाऊक आहेत. तुम्ही माझ्याबरोबर चला."

नाही कसं म्हणणार?

तुंबडापाड्यावर आम्ही पोचलो तेव्हा मंगळी खळ्यात नागली झोडत होती. शिनवारची आई. साठी कधीच उलटलेली, पण हात जोरात चालत होते. धाकटा मुलगा लाडक्या, पस्तीसेक वर्षांचा, पेंढ्या आणून टाकत होता. मला बघून त्यानं मान हलवली. तोही दोन वर्षं आमच्या शाळेत होता. बोर्डिंगमध्ये मात्र आईनं ठेवला नाही. रोज दीड तास चालत यायचा आणि चालत जायचा.

"मावशी, तुम्हाला भेटायला आलोय," फादर म्हणाले.

मंगळीनं मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"तुमी कोण? मी एकलीच हाय," ती म्हणाली.

वारल्यांत सगळ्यांना 'तू'. देवालाही तू आणि कलेक्टरलाही तू. फादर लाजले आणि जमिनीवरच बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं, की शाळेनं तुमच्या पोराला नीट सांभाळलं नाही, तो गेला आणि कोणी शोधायला गेलं नाही, त्याची आम्हाला माफी मागायची आहे.

"माफी घेऊन काय करू?" मंगळी म्हणाली. रागानं नाही, एखादं भांडं कशाला वापरायचं असं विचारावं तसं.

"मग तुला काय हवंय?" फादर आता 'तू'वर आले होते.

मंगळीनं हातातलं दांडकं खाली ठेवलं. लाडक्यानं "आय, राहू दे" म्हटलं, तिनं ऐकलं नाही.

"भात निघाला का आमी नवं करतों," ती म्हणाली. "घरातला कोणी नवा तांदूळ आधी खात नाय. आधी मेलेली माणसा जेवतात. एकेकाचा नाव घ्यायचा, पानावर शिता ठेवायच्या, मंग आपुन खायचा. सासऱ्याचा नाव घेतें. सासूचा घेतें. माज्या गंग्याचा घेतें. आन् शिनवारच्या नावाला आलें का जीभ अडते. जित्याला मेल्यांत बोलावला तर तो मरतो. मेलेल्याला नाय बोलावला तर तो उपाशी ऱ्हातो. मी काय करू? तेहतीस वरसा जाली. त्याचा पान मांडतें आन् उचलतें. तेवढा मला सांगा. तो जित्यात का मेल्यात."

निघताना फादर तिचे दोन्ही हात धरून म्हणाले, "शोधून काढीन. शब्द देतो."

परतीच्या वाटेवर मी म्हटलं, "फादर, डोंगर पोखरून उंदीर निघायचा. उगाच आशा लावू नये म्हातारीला."

"उंदीर तर उंदीर, मास्तर. पण पोखरायचं."

समेटाचा दिवस ठरला तो नोव्हेंबरातला शेवटचा रविवार. मैदानात मांडव, खुर्च्या, लाऊडस्पीकर. मिस्साची उपासना झाल्यावर बारा वारली म्हातारे-म्हाताऱ्या पुढे बाकावर बसवल्या. पवित्र गुरुवारी धुतात तसे फादर त्यांचे पाय धुणार होते. कल्पना मोठी, पण वारल्यांना तिचा पत्ता नव्हता. फादर घमेलं घेऊन गुडघ्यावर बसले तसा पहिल्या म्हाताऱ्यानं पाय चटकन बाकाखाली ओढला. त्याला वाटलं, काही टोचतात. पोरं खुसखुसली. सिस्टरांनी डोळे वटारले. मग एकानं भीत भीत पाय दिला, दुसऱ्यानं दिला, आणि फादर रडत रडत धूत गेले. नवव्या जागेवर मंगळी होती. तिनं दोन्ही पाय लुगड्यात घेतले.

"पाय कशाला धुतोस?" ती म्हणाली. "सांगतों म्हनला होतास. सांग."

माईक खालीच होता. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. फादरांनी मान वर केली आणि तो माईक हातात घेतला.

"मंगळीआई, मला अजून कळलेलं नाही," ते म्हणाले. "शाळेच्या कागदांत काही नाही. पण उद्या सकाळी मी पहिलं काम हेच करणार. चर्चची मृत्यूची वही काढीन. मागच्या कबरस्तानातला एकेक क्रूस तपासीन. कोणाचा, कधीचा, सगळं बघीन. तुझा मुलगा ह्या जमिनीत असेल तर मी तुला इथंच सांगेन, ह्याच मांडवात, सगळ्यांच्या देखत."

मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. मृत्यूची वही उघडायला त्यांना पाच मिनिटं लागली असती. पाच मिनिटं.

मी उठलो. पाय आपोआप पुढे गेले म्हणतात ना, तसं काही नाही, मीच नेले. फादरांच्या हातून माईक घेतला.

"शिनवार जिवंत आहे," मी म्हटलं.

मंगळीनं माझ्याकडे पाहिलं.

"माझी थोरली मुलगी वापीला दिलीय, सगळ्यांना ठाऊक आहे. मी महिन्याला जातो. तिथं कारखान्याच्या फाटकापाशी तो मला भेटला. त्यानंच मला ओळखलं. लग्न झालंय, पोरं आहेत. मी सांगणार नव्हतो, कारण त्यानं शपथ घातली होती. पण आता म्हातारीचं बघवलं नाही."

"माजा शिनवार?" मंगळी म्हणाली. "तू बगितला? डोळ्यांनी?"

"डोळ्यांनी."

ती हसली. त्या बाईला मी तेहतीस वर्षं बघत आलो होतो, बाजारात, रस्त्यावर, पण तिला दात किती उरलेत हे मला त्या दिवशी कळलं. ती उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग परत जागेवर बसली आणि आपण होऊन दोन्ही पाय घमेल्यात घातले. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला. तो पुढे धर्मप्रांताच्या मासिकात मुखपृष्ठावर छापून आला.

आणि शिनवार त्या मांडवाच्या मागं, शंभर पावलांवर, कबरस्तानाच्या कोपऱ्यात होता. सिमेंटचा हातभर क्रूस, त्यावर 'इजिदोर, १९६७'.

मीच पुरला होता त्याला. आता सांगायला हरकत नाही; ऐंशी पार केलीत, मला कोण काय करणार?

त्याचं असं झालं. त्या वर्षी मिशनच्या खाचरात हळवं भात लवकर पिकलं आणि नव्या तांदळाचा भात बोर्डिंगच्या ताटात आला. बाकीची वारली पोरं गुपचूप चार शितं जमिनीवर टाकायची, ओठातल्या ओठात काही पुटपुटायची आणि जेवायची. मला ठाऊक होतं, मी काणाडोळा करत असे. शिनवार नवाच होता. त्याला ही युक्ती ठाऊक नव्हती, किंवा असून त्याला करायची नव्हती. तो ताटापुढे हात मांडीवर ठेवून बसला.

"जेव," मी म्हटलं.

"घरी नवं जाला नाय."

"इथं घर हेच. जेव."

"माजा बाप आजून जेवला नाय," तो म्हणाला.

त्याचा बाप त्याच वैशाखात मेला होता. साप चावून.

"तुझा बाप मेलाय, शिनवार."

"म्हनून तर," तो म्हणाला.

सत्तर पोरांपुढे. मी चोवीस वर्षांचा होतो आणि सत्तर पोरं माझ्याकडे बघत होती. आज वाटतं, दुपारची शिळी नागलीची भाकर होती, ती दिली असती तर काम झालं असतं. पण मला वाटलं, हे एक पोर जिंकलं तर उद्या सगळी जिंकणार. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' असं दिवसातून तीनदा म्हणायचं आणि ताटात आलेल्या अन्नाला पाठ दाखवायची? हा देवाचा अपमान आहे, असं मी मोठ्यानं म्हणालो. त्याला ताटासकट कोठारात नेला आणि बाहेरून कुलूप घातलं. हे ताट रिकामं होईल तेव्हा दार उघडेल, असं सांगितलं.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. ताट तसंच. मी दोनदा दार उघडून बघितलं आणि दोनदा लावलं. शनिवारी आमच्या गावी सण होता. आईचा निरोप आला होता. मी पहाटेची गाडी धरून वसईला गेलो. मिस्सा, मिरवणूक, डुकराचं मटण, चुलतबहिणींची थट्टा. कोठाराची किल्ली पँटच्या खिशात होती. ती मला रविवारी संध्याकाळी आठवली, बसचं तिकीट काढताना, सुट्टे शोधताना हाताला लागली तेव्हा. त्या वेळचे संचालक फादर रोमाल्द पाड्यांवर फिरतीला गेले होते. स्वयंपाकी माझ्या भीतीनं कुलूप तोडायला धजला नाही; जाळीतून पाणी देत राहिला.

सोमवारी सकाळी दार उघडलं तर पोर तापानं फणफणलेलं. हिवताप असेल, उपास असेल, काय ते देवाला ठाऊक. ताटातल्या भाताला बुरशी आली होती. तो मला ओळखत नव्हता. दुपारपर्यंत श्वास लागला. मरणसंकटात कोणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, हे आम्हाला धर्मशिक्षणात शिकवलेलं. मी माठातलं पाणी त्याच्या कपाळावर ओतलं आणि त्याला इजिदोर नाव दिलं. पोट रिकामं राहिलं ते राहिलंच, पण मी त्याला स्वर्गात पाठवला, असं मला तेव्हा खरोखर वाटलं. इतकी अक्कल होती माझी.

फादर रोमाल्द संध्याकाळी आले. खूप वेळ प्रार्थना केली आणि मग म्हणाले, "पाड्यांवर कळलं तर एक पोर राहणार नाही इथं. सत्तर आत्मे आहेत, बस्त्याव. पळाला असं लिही." मी लिहिलं. स्वयंपाक्याला त्याच आठवड्यात दुसऱ्या मिशनवर धाडलं. पण फादर रोमाल्द नियमाचे पक्के. शाळेच्या रजिस्टरात खोटं चालेल, चर्चच्या वहीत चालणार नाही, असं त्यांचं मत. मृत्यूच्या वहीत त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं: इजिदोर, वारली मुलगा, वय दहा, मरणसंकटात बाप्तिस्मा, देणारा ब. मिनेझ. म्हणजे मी. ती वही फादर आन्सेल्म उघडणार होते. मी बोललो आणि त्यांनी उघडली नाही. कशाला उघडतील? मुलगा सापडला होता.

खोटं एकटं राहत नाही, ते बिऱ्हाड करतं. आठव्या दिवशी मंगळी आणि लाडक्या माझ्या दारात, नवं लुगडं, धुतलेला सदरा. वापीला जायला निघाले होते.

"थांबा," मी म्हटलं. त्यांना ओटीवर बसवलं, कोंसूला, म्हणजे माझ्या बायकोला, चहा करायला आत पाठवलं. "तो तुम्हाला भेटणार नाही."

"का?" लाडक्या म्हणाला.

"त्यानं तिथं जात लपवलीय. बायको दुसऱ्या जातीची आहे, गुजराती. तिच्या घरच्यांना कळलं की हा आदिवासी, तर संसार मोडेल. मला म्हणाला, कोणाला आणू नका."

लाडक्याचं तोंड उतरलं. मंगळी मात्र शांत होती. चहा बशीत ओतून प्याली आणि म्हणाली, "नको येऊ दे. जिता हाय ना? मंग बास." फादर आन्सेल्मनाही मी हेच सांगितलं, त्यांनीही वापीला जायचा विचार सोडला. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. जाताना मला मिठी मारून म्हणाले, "मास्तर, ह्या शाळेत माझ्या हातून एकच काम झालं, आणि ते तुमच्यामुळे."

मंगळीचं मात्र बास झालं नाही. पुढच्या आश्विनात ती परत आली. मी निवृत्त होऊन मिशनजवळच छोटं घर बांधून राहिलो होतो. तिच्या हातात फडक्यात बांधलेले तांदूळ होते, दोन-अडीच शेर.

"नवं जाला," ती म्हणाली. "मेलेल्यांचा मेलेल्यांना दिला. हा जित्याचा. ह्या वर्षी पान नाय मांडला मी त्याचा, उचलायला नको नि काय नको. वापीला जाशील तवा त्याला दे. सांग, आयनी पैला तांदूळ धाडलाय. घरात आजून कोणी तोंडात घातला नाय."

मी घेतले. ती पाठमोरी निघून जाईपर्यंत ते फडकं हातात धरून उभा राहिलो. कोंसू बाहेर आली. तिला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, शेवटपर्यंत नव्हतं.

"कुठले हे?"

"एका पालकानं दिलेत."

"वास किती छान आहे. रविवारी करू?"

"कर," मी म्हटलं.

आम्ही ते तांदूळ खाल्ले. टाकून देणं जमलं नाही, आणि कबरस्तानात नेऊन ठेवायचे तर कोणी बघितलं असतं. दर आश्विनात ती येत राहिली, दहा वर्षं. खुशाली विचारायची आणि मी सांगायचो. शिनवारला मुलगी झाली, शिनवारचा मुलगा दहावी झाला, शिनवारला दमा आहे. मी त्याला तिथं वाढवला, असंच म्हणायचं. कुमसाराला, पाद्र्यापुढे पापं कबूल करायला, दर महिन्याला जात होतो. खोटं बोललो, एवढंच सांगायचो. पाद्री विचारायचे, मोठं का लहान? मी म्हणायचो, नेहमीचं.

दोन हजार अकराच्या भाद्रपदात मंगळी गेली. लाडक्या सांगायला आला. तोही आता केसांनी पिकला होता.

"आय गेली," तो म्हणाला. "मरताना म्हनली, शिनवारला मेल्यांत बोलवू नको, मास्तरनी बगितलाय. आता तिच्या दिसकार्याला थोरला पायजे. तू जा आन् त्याला घेऊन ये. जात लपव नायतर काय लपव, एक दिवस यायला काय होतो?"

मी वापीला गेलो. मुलीकडे दोन दिवस राहिलो, मासे खाल्ले, नातवाला सायकल शिकवली. परत येऊन लाडक्याला सांगितलं, "नाही म्हणाला."

"काय म्हनला? त्याचा शब्द सांग."

"म्हणाला, माझी कोणी आई नव्हती."

एवढं बोलायची गरज नव्हती. पण खोटं खपायला जरा तिखटमीठ लागतं, आणि मला तो विषय कायमचा मिटवायचा होता. लाडक्या जागचा हलला नाही.

"दहा वरसा पैला तांदूळ त्याला गेला," तो म्हणाला. "माज्या पोरांच्या आधी. माजी पोरा रडायची, आय त्यांना हात लावू देत नव्हती."

मी त्याच्या नजरेला नजर दिली नाही. कोंसू तेव्हा चर्चला गेली होती, हे बरं झालं.

दिवाळीच्या आधी तो पुन्हा आला. डोळे खोल गेलेले. ओटीवर बसला नाही, अंगणात उभा राहिला.

"मास्तर, माज्या हातून जाला," तो म्हणाला. "आठ दिस जाले. नवं होता. आयचा नाव घेतला, बापाचा घेतला आन् मंग शिनवारचा घेतला. मेल्यांत. मला राग होता. पान मांडला, शिता ठेवल्या, म्हनलां, आमाला मेलास तर ये, मेलेल्यांत बसून खा."

तो हे सांगत होता आणि मला काय होत होतं ते कोणाला सांगू? चव्वेचाळीस वर्षांनी त्या पोराच्या पानावर शितं पडली होती. बापाच्या शेजारी, आईच्या शेजारी. माझे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, देवा, सुटलं एकदाचं. मला वाटलं आपणही सुटलो.

"तवापून मला निज नाय," लाडक्या म्हणाला. "भाऊ तो माजा. दमेकरी मानूस. आयनी तेहतीस वरसा जीभ आवरली ती मला एक दिस आवरली नाय. तू चल माज्यासंगती वापीला. जिता असला तर पाय धरतों, भगताला सांगून शब्द माघारी घेतों. आताच चल. मी भाकर बांधून आनलीय."

त्याच्या काखेत खरंच फडक्यात बांधलेली भाकर होती. मला काही मार्ग सुचेना. जिवंत आहे म्हटलं तर हा वापीला येणार, फाटकाफाटकावर विचारत फिरणार. आणि वर तो शब्द माघारी घेणार, पान उचलणार, पोर पुन्हा उपाशी. खरं सांगायची वेळ होती ती. सगळं खरं. कोठार, किल्ली, माठातलं पाणी, मागचा क्रूस. मी तोंड उघडलं.

"जाऊ नकोस, लाडक्या," मी म्हटलं. "मुलीचा फोन आला होता. शिनवार मेला."

तो मेलाच होता. एवढं एक खरं मी त्या घरातल्या माणसाला चव्वेचाळीस वर्षांत सांगितलं.

"कवा?" लाडक्यानं विचारलं.

"आठ दिवस झाले."

मुद्दाम म्हटलं नाही मी. तारीख हवी होती, त्यानं नुकताच जो आकडा उच्चारला होता तोच जिभेवर आला. पण परतही घेतला नाही. लाडक्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग भाकरीचं फडकं माझ्या ओटीच्या कडेला ठेवलं आणि आल्या वाटेनं चालायला लागला. मी हाक मारली नाही.

लाडक्या अजून आहे. म्हातारा झालाय, शेतावर जातो, कोणाशी फार बोलत नाही. नव्याच्या दिवशी आता त्याचा मुलगा नावं घेतो. शिनवारचंही घेतो, दर वर्षी, न चुकता. लाडक्या तेवढा वेळ घराबाहेर जाऊन उभा राहतो.